हातातलं गांडूळ देशी की आणलेलं? बाहेरच्या खुणांवरून ओळखण्याची रीत

इंदुरात गच्चीवरच्या गमल्यांसाठी गांडुळांची पिशवी घ्यायला गेलात, की विकणारा हमखास सांगतो, "देशी केंचुआ है, मरेगा नहीं." त्याच्या बोलण्यात 'देशी' म्हणजे 'टिकाऊ' एवढंच असतं. खतासाठी विकली जाणारी बरीचशी गांडुळं मुळात युरोपातली किंवा पश्चिम आफ्रिकेतली असतात. म्हणून पिशवीवरच्या शब्दावर न जाता गांडूळ हातात घेऊन त्याच्या अंगावरच्या खुणा वाचायला शिकावं. त्यासाठी चिरफाड लागत नाही. एक भिंग, एक टाचणी आणि मोजण्याचा संयम पुरतो.

सुरुवातीलाच एक गाठ बांधून ठेवा. रंग सगळ्यात शेवटी बघायचा. नवशिक्याची दहातली आठ चुकीची उत्तरं रंगावरून दिलेली असतात, आणि उरलेली दोन मोजणीत एक खंड, म्हणजे अंगावरचं एक कडं, चुकल्यामुळे.

'देशी' या शब्दाचेही तीन कप्पे करा. पहिला, इथल्या मातीतलं. दुसरा, भारतातलंच, पण खताच्या धंद्यातून एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात नेलेलं. तिसरा, बाहेरच्या देशातून आलेलं. अंगावरच्या खुणा तिसरा कप्पा वेगळा काढून देतात. पहिला आणि दुसरा वेगळा करायचा तर गांडूळ कुठे सापडलं, तिथे कुणी काय आणून टाकलं, याची चौकशीच करावी लागते.

१. काय काय जवळ हवं

- दहापट मोठं दाखवणारं भिंग. वीसपट असलं तर उत्तम. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर लावायची मॅक्रो लेन्सही चालते, पण मोजताना भिंगच बरं पडतं.
- पांढरा उथळ ट्रे. नाहीतर एनॅमलची थाळी.
- दोन बारीक टाचण्या, मऊ ब्रश, बोथट टोकाचा चिमटा. अणकुचीदार चिमटा नको, त्यानं कातडी फाटते.
- मिलिमीटरच्या खुणांची पट्टी.
- झिपची पारदर्शक छोटी पिशवी (जिवंत गांडूळ बघायला).
- खुरपी, बादली, जाड जाळीची चाळणी.
- जपून ठेवायचं असेल तर ७० टक्के अल्कोहोल (इथेनॉल), फॉर्मॅलिन, रबरी हातमोजे, घट्ट झाकणाच्या बाटल्या.
- शिसपेन्सिल आणि जाड कागद. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि महिन्याभरानं चिठ्ठी कोरी होते.

इथेनॉल किरकोळीत सहज मिळत नाही. कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात ओळख असेल तर तिथून थोडं मागून घ्या. दोन-चार आठवड्यांपुरतं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालून जातं, मात्र त्यात नमुना कडक होतो.

२. कधी आणि कुठे शोधायचं

माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि गांडुळं खोल जाऊन वेटोळं करून पडून राहतात. मे महिन्यात खणलंत तर हाताला ढेकळंच लागतील. दोन-तीन चांगले पाऊस झाले, माती फुगून भेगा बुजल्या, की शोधायला लागा. जुलैत संख्या भरपूर असते, पण त्यात पिल्लं जास्त. वयात आलेली हवी असतील तर ऑगस्ट-सप्टेंबर.

२५ सेंमी लांब, २५ सेंमी रुंद आणि ३० सेंमी खोल खड्डा घ्या. ओली काळी माती हातानं फोडायला गेलात तर गांडूळ हमखास तुटतं. ढेकूळ बादलीत पाण्यात अर्धा तास भिजत घाला आणि मग चाळणीवर धुवा. खोल बिळातली वर आणायची असतील तर मोहरीची पूड वापरतात. लिटरभर पाण्याला १० ग्रॅम. पूड आधी थंड पाण्यात कालवून थोडा वेळ ठेवा. गरम पाण्यात कालवली तर तिचा झणका तयारच होत नाही आणि गांडूळ ढिम्म हलत नाही. भेगा असताना हे पाणी ओतू नका, सगळं भेगेतून पाताळात जातं. वर आलेलं गांडूळ लगेच साध्या पाण्यात धुवा.

जागा निदान तीन निवडा: राऊ-महूकडच्या एखाद्या सोयाबीनच्या शेताचा बांध, एखादा शेणाचा उकिरडा, आणि नर्सरीतून आणलेल्या रोपाची कुंडी. तिन्हीकडे वेगवेगळी मंडळी भेटतील. घरच्या कंपोस्टच्या ढिगाचा इतिहास आधी विचारून घ्या. ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या वर्षांत याच शहरात बसवलेल्या कंपोस्टच्या 'इंदूर पद्धती'त गांडुळं विकत आणून टाकायची नसतात. ढीग थंडावल्यावर आसपासची आपणहून येतात. अशा ढिगात सापडलेलं गांडूळ आणि विकतच्या पिशवीतून टाकीत सोडलेलं गांडूळ यांची नोंद एकाच ओळीत करू नका.

रालामंडल अभयारण्य आहे. वनविभागाच्या परवानगीशिवाय तिथून माती किंवा गांडूळ उचलायचं नाही. २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलेल्या सिरपूर तलावाच्या काठीही विचारल्याशिवाय खुरपी काढू नका.

३. हे गांडूळच आहे ना?

पावसाळ्यात न्हाणीघरात निघणारा बारीक काळा वळवळणारा जीव पुष्कळदा वाळा असतो, म्हणजे आंधळा साप. त्याला गोल कडी नसतात. अंगावर चकचकीत खवले असतात आणि भिंगाखाली इवलीशी जीभ लपलपताना दिसते. निरुपद्रवी आहे, सोडून द्या. चपटं, गुळगुळीत, पुढून फावड्यासारखं डोकं असलेलं काही दिसलं तर तो चपटकृमी, गांडुळं खाणारा. गांडुळाच्या अंगाला डोक्यापासून शेपटापर्यंत कडी असतातच.

४. वयात आलेलं निवडा, धुवा, शांत करा

पुढच्या भागात अंगाभोवती फुगीर, गुळगुळीत पट्टा नसेल तर ते पिल्लू. त्याच्यावर वेळ घालवू नका, कारण पुढच्या जवळजवळ सगळ्या खुणा पट्ट्याच्या आधारानं वाचायच्या आहेत. एका जागेवरची पाच-सहा वयात आलेली घ्या. एकावरून निकाल देऊ नये.

जिवंतच सोडायचं असेल तर झिपच्या पिशवीत चमचाभर पाणी घालून त्यात गांडूळ ठेवा, हवा काढा आणि प्लास्टिक हलकेच ताणून धरा. पोटाची बाजू वर येईपर्यंत पिशवी उलटीपालटी करा. दहा मिनिटांच्या वर ठेवू नका, उन्हात तर मुळीच नाही.

नमुना जपायचा असेल तर आधी गुंगी द्यावी लागते. १०० मिली पाण्यात गांडूळ ठेवून ७० टक्क्यांचं अल्कोहोल ५ मिली घाला. पाच मिनिटांनी आणखी ५, परत पाच मिनिटांनी ५. टाचणीनं टोचल्यावर हलेनासं झालं की झालं. घाईनं थेट कडक अल्कोहोलमध्ये टाकलंत तर ते पिळवटतं, चिकट स्राव सोडतं, कधी शेपूट टाकतं, आणि आखडलेल्या अंगावरची कडी देवालाही मोजता येत नाहीत.

५. खंड मोजणं

सगळा खेळ इथे आहे. खंड म्हणजे एक कडं. मोजणी डोक्याकडून करायची. पट्टा ज्या टोकाला जवळ, ते डोकं. सरपटताना बहुतेक वेळ तेच टोक पुढे असतं, पण नुसत्या चालीवर भरवसा नको, बिचकलं की गांडूळ उलटंही चालतं.

तोंडावर एक छोटी मांसल झडप असते, प्रोस्टोमियम. ती खंड नव्हे, ती मोजायची नाही. तिच्या मागे तोंडाभोवतीचं कडं तो पहिला खंड. त्याच्यावर काटे, म्हणजे भिंगातून दिसणारे बारीक राठ रोम, नसतात. काटे दुसऱ्या खंडापासून सुरू होतात, आणि हीच तुमची तपासणीची खूण: जिथे पहिल्यांदा काटे दिसले त्या कड्याला तुम्ही 'दोन' म्हटलं आहे ना?

आता सापळा. बऱ्याच गांडुळांच्या एका खंडावर एक किंवा दोन उथळ रेघा असतात, त्यामुळे एकाच खंडाची दोन-तीन कडी भासतात. पाचव्या खंडापासून पुढे हा प्रकार जास्त. नवशिक्या रेघा मोजतो आणि चौदाचे एकवीस करून बसतो. रेघा मोजू नका, काट्यांच्या ओळी मोजा. एका खंडावर काट्यांची ओळ एकच असते. खोटी रेघ आणि खरी खाच यांत शंका आली तर ओल्या कागदावर अंग हलकेच ताणा. खरी खाच खोल राहते, खोटी पसरून पुसट होते.

मोजताना एक टाचणी खंडावर धरून ठेवायची, दुसरी पुढच्यावर. तीनदा मोजा, एकदा पोटाकडून, एकदा बाजूनं, एकदा पट्ट्याकडून मागे डोक्याकडे. तिन्ही आकडे जुळले तरच वहीत लिहा. हा हट्ट कशासाठी ते नवव्या पायरीत कळेल. तिथे एका खंडाची चूक गांडुळाचा देश बदलते.

६. पट्टा: कुठून कुठे, आणि वेढा की खोगीर

फुगीर, गुळगुळीत, बाकी अंगापेक्षा फिकट किंवा केशरट असलेला हा भाग म्हणजे क्लायटेलम. पाठ्यपुस्तकात त्याला पर्याणिका म्हणतात. पर्याण म्हणजे खोगीर. नाव छान आहे, पण आपल्याकडच्या बहुतेक गांडुळांत तो खोगीर नसून अंगठीसारखा पूर्ण वेढा असतो. खरं खोगीर, म्हणजे पाठ आणि कुशी झाकून पोट उघडं ठेवणारं, युरोपीय कुळात दिसतं.

तीन गोष्टी लिहा: कितव्या खंडावर सुरू, कितव्यावर संपतो, आणि पोटाकडून बघितल्यावर तो अखंड आहे की तुटलेला. तेराव्या-चौदाव्या खंडाच्या आसपास सुरू झाला तर उत्तर अजून खुलं आहे. चोविसाच्या पुढे सुरू झाला तर युरोपीय कूळ, जवळजवळ पक्कं. ड्रॅविडा या देशी गटात पट्टा दहाव्या ते तेराव्या खंडाच्या आसपास असतो आणि इतका पातळ, की वयात आलेलं गांडूळही पिल्लू समजून बाजूला टाकलं जातं. संशय आला तर दहाव्या खंडाच्या मागची नर-छिद्रं शोधा (आठवी पायरी).

७. काटे: कडं की चार जोड्या

पुस्तकात यांना दृढरोम म्हणतात. बोटावर गांडूळ उलटं सरपटू द्या, किंचित खरखर लागते, तेच. भिंगाखाली मधल्या भागातला एक खंड धरा, पट्ट्यावरचा नको. पृष्ठभाग टिपकागदानं अर्धवट कोरडा करून उजेड बाजूनं टाका, समोरून नाही. काटे चमकून उठतात.

दोनच रचना लक्षात ठेवा. एक, खंडाभोवती काट्यांचं पूर्ण कडं, कंगव्याच्या दातांसारखं. शाळेत चिरलेल्या मेटाफिरे पोस्थुमात, म्हणजे जुन्या पुस्तकातल्या फेरेटिमात, एका खंडावर ८० ते १२० काटे असतात. दुसरी, फक्त आठ काटे, चार जोड्यांत, दोन पोटाकडे आणि दोन कुशीला.

"कडं म्हणजे देशी, आठ म्हणजे परदेशी" असा एक सोपा नियम तोंडोतोंडी फिरतो. तो चूक आहे. पूर्व आशियातल्या अमिन्थसलाही कडंच असतं, आणि आपल्या ड्रॅविडाला नि ऑक्टोकिटोनाला आठच. काट्यांवरून फक्त पुढची पायरी कोणती ते ठरवायचं, निकाल द्यायचा नाही.

८. पोटाकडची छिद्रं

पोटाची बाजू फिकट असते. चौदाव्या खंडाच्या मध्यावर मादी-छिद्र, टाचणीच्या टोकाएवढं. फेरेटिमाच्या गटात आणि भारतीय पेरिओनिक्समध्ये ते एकच असतं. ते सापडलं की मोजणीला मैलाचा दगड मिळाला, तिथून पुढे मागे मोजून आधीचा आकडा तपासा.

मग नर-छिद्रांची जोडी. ती कितव्या खंडावर आहे यावरून कुळं फुटतात: पंधराव्यावर युरोपीय, सतराव्यावर आफ्रिकेतलं यूड्रिलस, अठराव्यावर आपल्याकडची आणि पूर्वेकडची बरीच, दहा-अकराच्या खाचेत ड्रॅविडा. नर-छिद्रं सहसा फुगीर उंचवट्यावर किंवा खळग्यात असतात, म्हणून मादी-छिद्रापेक्षा सोपी.

आणखी एक खूण पाठीवर. खूप गांडुळांच्या पाठीवर दोन खंडांच्या खाचेत बारीक छिद्रं असतात. पाठ टिपून कोरडी करा, गांडूळ हलकेच वाकवा. खाचेतून पाण्यासारखा थेंब झिरपला तर छिद्रं आहेत. यूड्रिलस आणि ड्रॅविडात ती नसतात.

९. आता नाव लावा

शेणाच्या उकिरड्यात किंवा गांडूळ खताच्या टाकीत तीन जांभळट-लाल गांडुळं सर्रास भेटतात. तीनही चपळ आहेत, तीनही पाठीला गडद नि पोटाला फिकी. रंगावर निकाल दिला तर एकतृतीयांश शक्यता बरोबर येण्याची. तिघांना शेजारी ठेवून बघू.

आयसेनिया फेटिडा, युरोपीय. लांबी ३५ ते १३० मिमी. अंगावर लाल आणि पिवळट आडवे पट्टे, शेपटाचं टोक पिवळसर. पट्टा खोगीर, २४ ते २६ पैकी एखाद्या खंडावर सुरू होऊन ३२ च्या आसपास संपतो. खोगिराच्या दोन्ही कडांवर २८ ते ३० या खंडांवर लांबट उंचवटे. काटे आठ, जोड्या अगदी चिकटून. नर-छिद्रं १५ वर. चिमटीत धरलं की पिवळा, घाणेरड्या वासाचा द्रव सोडतं. 'फेटिडा' म्हणजे दुर्गंधीच. पट्टे नसून अंग सरसकट लाल असेल तर बहुधा तिची बहीण आयसेनिया आंद्रेई. दोघी परदेशीच, तेव्हा आपल्या प्रश्नापुरता त्यांच्यातला फरक सोडून द्या.

यूड्रिलस युजेनी, पश्चिम आफ्रिकेतलं. तिघांत सगळ्यात दांडगं, ५ ते ८ मिमी जाड. तपकिरी-जांभळी पाठ, उजेडात निळसर-हिरवी झाक. पट्टा १३-१४ पासून १८ पर्यंत, पोटाकडे अपुरा. काटे आठ. नर-छिद्रं १७ वर. चौदाव्या खंडावर कुशीकडे दोन ठळक छिद्रं. पाठीवर छिद्रं नाहीत, वाकवलंत तरी कोरडंच.

पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस, भारतीय. बारीक, २.५ ते ५ मिमी जाड. पाठ गडद जांभळी. पट्टा पूर्ण वेढा, १३ ते १७. काट्यांचं कडं. मादी-छिद्र एकच, १४ वर मध्यभागी. नर-छिद्रं १८ वर, आणि ओळखीची खूण ही, की दोन्ही छिद्रं पोटाच्या मध्यरेषेवर एका छोट्या खळग्यात एकमेकांना खेटून बसलेली असतात. उलटं करून भिंगातून बघितलं तर बेंबीसारखं दिसतं.

यूड्रिलस आणि पेरिओनिक्समध्ये घोटाळा सगळ्यात जास्त होतो, कारण पट्टा दोघांचा जवळपास एकाच जागी. तिथे पट्टा सोडा, काटे बघा. कडं असेल तर पेरिओनिक्स, चार जोड्या असतील तर यूड्रिलस. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. मात्र पेरिओनिक्स निघालं म्हणून ते 'इथलंच' असा अर्थ नाही. विकतच्या टाकीतलं असेल तर दुसऱ्या कप्प्यात टाका.

शेतातल्या आणि बागेतल्या मातीत वेगळी जोडी अडवते. दोन्ही राखाडी-तपकिरी, दोघांनाही काट्यांचं कडं, दोघांची नर-छिद्रं १८ वर.

लॅम्पिटो मॉरिटी, दक्षिण आशियातलं. लांबी ८० ते २१० मिमी, पिवळट-राखाडी, पुढचं टोक जांभळट. पट्टा पूर्ण वेढा, १४ ते १७. नावात मॉरिशस असलं तरी घर इकडचंच, नाव पडलं ते पहिला नमुना जिथे सापडला त्या बेटावरून. पेरिओनिक्सच्या एका भारतीय जातीच्या नावातही असंच झांझिबार आहे. शास्त्रीय नावातल्या गावावरून देश काढू नये.

मेटाफिरे पोस्थुमा. पट्टा पूर्ण वेढा, १४ ते १६. नर-छिद्रं १८ वर, त्यांच्या पुढे १७ वर आणि मागे १९ वर एकेक जोडी गोल उंचवट्यांची. पोट वर करून धरलं की दोन रांगांत सहा ठिपके दिसतात, सदऱ्याच्या बटणांसारखे. अनेक पिढ्या हेच चिरून परीक्षा देत आल्या, म्हणून ते 'आपलं' वाटतं. पण फेरेटिमा गटाचं मूळ घर पूर्व आणि आग्नेय आशिया. भारतातल्या काही याद्या त्याला देशी धरतात, काही परदेशी. वहीत 'आणलेलं, फार जुनं' असं लिहिणं मला जास्त प्रामाणिक वाटतं.

बघा, चौदापासून तीन खंड की चार, एवढ्यावर सगळं. पट्ट्याच्या मागच्या कडेला सतरावा खंड फुगलेला आहे की मोकळा आणि काट्यांसकट आहे, हे भिंगातून दोनदा तपासा. पट्टा १४ ते १६, पण १७ आणि १९ वर ठिपके नाहीत, गांडूळ हातात घेताच सापासारखं झटके देतं, आणि ते नर्सरीच्या कुंडीतलं आहे? मग अमिन्थसचा संशय घ्या. तेही पूर्वेकडचंच. इथे जातीपर्यंत जायचं तर चिरफाड लागते. देशी-परदेशी एवढ्या प्रश्नाला गट पुरतो.

आठ काट्यांची, मातीच्या रंगाची गांडुळं सापडली तर १७ ते १९ खंडांचं पोट बघा. सतराव्या आणि एकोणिसाव्यावर छिद्रं आणि त्यांना जोडणारी दोन्ही बाजूंना एकेक बारीक उभी चर दिसली, तर ऑक्टोकिटोना, देशी. पण थांबा, हीच रचना डायकोगॅस्टरमध्येही असते, आणि त्यातलं सर्वत्र पसरलेलं डायकोगॅस्टर बोलाऊ हे मूळ आफ्रिकेतलं. फरक मापाचा: डायकोगॅस्टर जेमतेम २० ते ४० मिमी, लालसर दोऱ्यासारखं, ओल्या गटाराच्या कडेला नि शेणात. वयात आलेलं आहे याची खात्री न करता माप घेतलंत तर ऑक्टोकिटोनाच्या पिल्लालाही आफ्रिकन ठरवाल.

पोंटोस्कोलेक्स कोरेथ्रुरस हे दक्षिण अमेरिकेतलं, सह्याद्री-केरळाकडच्या ओल्या पट्ट्यात घट्ट बसलेलं. तिकडच्या नर्सरीतून मातीसकट रोपं येतात, म्हणून ओळख असू द्या. शेपटाकडचे काटे सरळ ओळीत नसतात, एका खंडाचे दुसऱ्याच्या मध्ये येतात, फाशावरच्या पाच ठिपक्यांसारखे. शेपूट ब्रशसारखं खरखरीत लागतं. पट्टा खोगीर, पंधराच्या आसपासपासून बावीसपर्यंत.

१०. कुठे फसायला होतं

तुटून परत आलेलं शेपूट बारीक नि फिकट असतं. एकूण खंडांची संख्या आणि लांबी त्यावरून लिहू नका. डोक्याकडचे दोन-चार खंड तुटून कमी भरले असतील तर पट्ट्याचा आकडाच मागे सरकतो. म्हणून तर पाच-सहा नमुने.

अल्कोहोलमध्ये जांभळा रंग उतरतो, आयसेनियाचे पट्टे पुसट होतात. जिवंतपणीचा रंग त्याच क्षणी लिहून ठेवा आणि फोटो घ्या. फोटो पाठीचा नको, पोटाचा, दहाव्या ते विसाव्या खंडाचा, शेजारी पट्टी ठेवून आणि अठराव्या खंडाकडे टाचणीचं टोक करून. पाठीचे सुंदर फोटो ओळखीला फारसे कामाचे नसतात.

पोटात माती भरलेली असली की फिकट गांडूळ काळपट दिसतं. ओल्या वर्तमानपत्रावर झाकून २४ तास ठेवा, पोट रिकामं होतं आणि खरा रंग दिसतो.

मे महिन्यात टाकीतली आयसेनिया मेली आणि काही गांडुळं तगली, म्हणून तगलेली देशी, असंही अनुमान ऐकू येतं. आयसेनियाला १५ ते २५ अंश सोसतात, चाळिशीपार ती तग धरत नाही हे खरं. पण यूड्रिलस उष्ण देशातलं आहे, ते सावलीच्या ओल्या टाकीत तगू शकतं. तगणं ही अंगावरची खूण नव्हे.

११. जपणं, चिठ्ठी आणि पाठवणं

गुंगी आलेलं गांडूळ ट्रेमध्ये सरळ ताणून ठेवा आणि फॉर्मॅलिन घाला: बाजारातल्या फॉर्मॅलिनचा एक भाग, पाण्याचे नऊ. हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून, स्वयंपाकघरापासून दूर. चोवीस तासांनी धुवून ७० ते ८० टक्के अल्कोहोलमध्ये टाका. डीएनए तपासायचा विचार असेल तर त्या नमुन्याला फॉर्मॅलिन लावूच नका, थेट ९५ टक्क्यांच्या वरच्या इथेनॉलमध्ये ठेवा.

चिठ्ठी बाटलीच्या आत, पेन्सिलीनं. तिच्यावर तारीख, जागा, अक्षांश-रेखांश, मातीचा प्रकार, किती खोल, जिवंतपणीचा रंग, आणि तिथे विकतची गांडुळं कधी टाकली होती का. हा शेवटचा मुद्दा बहुतेक चिठ्ठ्यांत नसतो, आणि नेमका त्याच्याशिवाय पहिला नि दुसरा कप्पा वेगळा करता येत नाही.

खात्री हवी असेल तर आधी जवळच्या कॉलेजचा प्राणिशास्त्र विभाग. पुढची पायरी जबलपूर, भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं मध्य विभागीय केंद्र तिथे आहे. नमुना पाठवण्यापूर्वी पत्रानं विचारून घ्या आणि सोबत तुमची मोजणी लिहून द्या: पट्टा अमुक ते अमुक, काटे, नर-छिद्रं.

तपासून झालेली जिवंत गांडुळं जिथून आणली तिथेच सोडायची. शेताच्या बांधावरची बांधावर, टाकीतली टाकीत. आयसेनिया किंवा यूड्रिलस उरली म्हणून रालामंडलच्या पायथ्याशी किंवा चोरलच्या जंगलात "जमिनीला फायदा होईल" म्हणून नेऊन टाकू नका. उरलेलं खत द्यायचंच असेल तर आधी चाळून गांडुळं वेगळी काढा, आणि चाळलेलं खतही लगेच देऊ नका. त्यात मोहरीच्या दाण्याएवढे, पिवळट, लिंबाच्या आकाराचे कोष राहतात, आणि त्यांतून पुढची पिढी निघते.